दोन झेंडे लावून बुडवलेलं जहाज

माझगावच्या गोदीत मी तीस वर्षं सुतारकाम केलं. त्यामुळं धडधाकट लाकडी जहाज मुद्दाम बुडवल्याचं वाचलं की पोटात कालवतं. ‘द्युगे-त्रुआं’ १८०० साली फ्रान्समधल्या रोशफोरला पाण्यात उतरलं, ७४ तोफांचं. ट्राफल्गारच्या लढाईतून निसटलं, पण पंधरवड्यातच, ४ नोव्हेंबर १८०५ला, इंग्रजांनी धरलं आणि ‘इम्प्लॅकेबल’ असं नाव ठेवलं. पुढं पोरांना दर्यावर्दी विद्या शिकवत म्हातारं झालं. दुरुस्ती परवडेना म्हणून २ डिसेंबर १९४९ला दोन्ही देशांचे झेंडे चढवून सुरुंग लावले. तरी लगेच बुडेना! एवढा मान द्यायचा, तर वाचवायचं होतं. पोर्ट्समथला त्याच्या शेजारी असलेली ‘ट्रिंकोमाली’, मुंबईच्या वाडियांनी १८१७मध्ये सागवानात बांधलेली, आज हार्टलपूलला तरंगते आहे. तिकडं गेलात तर तिच्या फळ्यांवरून एकदा हात फिरवा.