सालीतल्या पाण्याचा हिशेब

शालेय विज्ञान-प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अनेकदा येतो. ‘कचऱ्यातून संपत्ती’ असा एखादा तक्ता तिथे हटकून असतो. आंब्याच्या सालीतून ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये मिळतात, असे मुले धडाधड सांगतात. मी एकच प्रश्न विचारतो, “साल वाळवलीत कशाने?” बहुधा उत्तर मिळत नाही.

माहिती खोटी नसते. कापलेले सफरचंद हवेत काळपट पडते. लिंबाचा रस चोळला तर बराच वेळ पडत नाही. लिंबातील क जीवनसत्त्वाचा त्यात मोठा वाटा असतो. ऑक्सिडीकरणाला असाच अटकाव करणारी पॉलिफेनॉल द्रव्ये सालींत असतात. आंब्याच्या सालीत मँगिफेरिन, तर कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन. तेल खवट होऊ नये म्हणून कृत्रिम द्रव्यांऐवजी अशी द्रव्ये वापरता येतात.

अडचण आहे ती पाण्याची. ओली साल लवकर आंबते, म्हणून साठवायची तर वाळवावी लागते. किलोभर सालीत पाऊण किलो पाणी आहे असे धरा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे किलोमागे चार लाखांहून अधिक कॅलरी, जवळजवळ अर्धा युनिट वीज! आता टनाचा हिशेब तुम्हीच करा. उन्हात वाळवावी, तर कोकणात कॅनिंगचा हंगाम भरात येतो तोच पाऊस दाराशी उभा. आच वाढवावी, तर ही नाजूक द्रव्येच बिघडतात.

मग हा नाद सोडावा काय? मुळीच नाही. सुरुवात कुठून करायची, एवढाच प्रश्न आहे. कांद्याची वरची साल निसर्गानेच वाळवून दिलेली असते, आणि क्वेर्सेटिन आतल्या गरापेक्षा तिच्यातच अधिक असते. ती गरम पाण्यात टाकून पाहा. पाणी पिवळसर तांबूस होईल. माझ्या मते पहिला मान तिचा. आंब्याची साल मात्र दूर वाहून न नेता कारखान्याच्या आवारातच, बॉयलरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर बेताने वाळवावी.

पुढच्या प्रदर्शनात तक्त्याखाली उष्णतेचा जमाखर्चही मांडा. शिक्षकांनीही तो आवर्जून मागावा. खर्च जास्त निघाला तरी लपवू नका. तोही निष्कर्षच आहे.