बरा आहेस ना, मग गोळी कशाला?

आपल्याकडे माणूस तापातून उठला की त्याचे पथ्य सांभाळतात. मोडलेले हाड सांधले तरी महिनाभर त्याला ओझे उचलू देत नाहीत. पण डोक्याच्या दुखण्यातून माणूस सावरला की घरची माणसे पहिली गोष्ट कोणती करतात? त्याचे औषध बंद करतात. आणि असे करणारी माणसे दुष्ट नसतात, हीच यातली खरी अडचण आहे. ती प्रेमाची असतात आणि बहुधा शिकलेलीही असतात. शत्रूशी भांडणे सोपे; पण फराळाचे ताट पुढे सरकवून, "आता बरा आहेस ना, मग गोळी कशाला?" असे विचारणाऱ्या आप्ताशी भांडायचे कसे? ते भांडण मी आज येथे मांडणार आहे. दिवाळी अंकात मांडतो, कारण हा प्रश्न वर्षातून सर्वांत जास्त वेळा विचारला जातो तो दिवाळीतच.

भांडण्याचा माझा अधिकार सांगतो. मी महाडचा. बाजारपेठेतल्या एका दुकानात हिशेब लिहितो. मला स्किझोफ्रेनिया, म्हणजे पुस्तकी मराठीत ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात तो विकार, आहे. आणि गेली २३ वर्षे मी त्यावर उपचार घेत आहे. 'होता' असे मी म्हणत नाही, 'आहे' असे म्हणतो. या दोन शब्दांतल्या फरकासाठीच हा लेख आहे.

हा विकार म्हणजे एका देहात दोन माणसे नव्हेत. ती सिनेमावाल्यांची करामत. हा बुद्धीचा मंदपणाही नव्हे. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात, आणि ते बहुधा वाईटच बोलतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आपल्याविषयीच कुजबुजतो अशी खात्री होते. काही जणांचे याउलट सारेच आटून जाते: बोलणे, हसणे, अंघोळीची इच्छासुद्धा. घरचे त्याला आळस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा विकार आहे. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात सरासरीने दहा. मग ती दहा माणसे आपल्याला दिसत का नाहीत? काही माजघरात आहेत; आणि काही तुमच्याशेजारी बसून काम करतात, पण गोळी लपवून घेतात.

आता 'बरा आहेस ना' या मुद्द्याकडे वळू. बरा आहे तो गोळीमुळे बरा आहे, हे समजायला इतके कठीण का जावे? २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. दुखणे आटोक्यात आलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध चालू ठेवले, त्यांच्यात वर्षभरात १०० पैकी २७ जणांचे दुखणे उलटले. ज्यांना औषधाऐवजी नुसती पोकळ गोळी दिली, त्यांच्यात ६४ जणांचे. मी हिशेबनीस आहे. दोन्ही बाजू लिहितो. २७ म्हणजे शून्य नव्हे, आणि ३६ जण औषधावाचूनही वर्षभर टिकले हे खरेच. पण आपण त्या ३६ मधले की ६४ मधले, हे आधी खात्रीने सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही.

महाडकराला तर हे कळायला आकड्यांचीही गरज नसावी. सावित्री आणि गांधारी यांच्या काठी आपण दुकाने थाटली आहेत. पावसाळा तोंडावर आला की जाणता दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवतो. २००५ साली पाणी आले, २०२१च्या जुलैत आले. पण ज्या वर्षी पाणी पेठेत शिरत नाही, त्या वर्षी कोणी असे म्हणतो काय की, "एवढे चढवले आणि पूर काही आला नाही, आता माळा मोडून टाकू"? २०२१च्या त्या पुरात औषधांची दुकानेही बुडाली. तेव्हापासून माझ्या जादा गोळ्यांचे पाकीट प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेले असते. गावाने मला शिकवलेले शहाणपण मी माझ्या डोक्याला लावले, इतकेच.

माझ्या उपचाराच्या दुसऱ्या वर्षी मुंबईहून दिवाळीला आलेल्या एका आप्ताने माझ्या आईला सल्ला दिला, "पोराला गोळ्यांची सवय लागेल, थांबव आता." आईने पाकीट उचलून ठेवले. माघ उजाडण्यापूर्वी भिंती पुन्हा बोलू लागल्या, आणि हातातली नोकरी गेली. सल्ला देणारा त्या वेळी मुंबईत होता. रात्र रात्र जागली ती आई. तिला मी दोष देत नाही. मात्र अशा सल्ल्याला कधीच दंड का नसावा, हे मला अद्याप कळलेले नाही.

'सवय लागेल' म्हणणाऱ्यांना सांगतो: या औषधांची नशा चढत नाही, आणि कोणी हौसेने ती मागत नाही. उलट ती घेणे जड जाते. काहींच्या वजनात भर पडते, काहींचे हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, सकाळी डोळे उघडत नाहीत. काही औषधांनी रक्तातली साखर वाढते. हे सारे खरे आहे, आणि जो डॉक्टर ते ऐकून घेत नाही त्याच्याशीही माझे भांडण आहे. परंतु त्यावर उपाय कोणता? मात्रा कमी-जास्त करता येते, गोळी बदलता येते, रोजची गोळी नको असेल तर काही आठवड्यांनी घ्यायची सुई आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा उतरवणे निराळे, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरच्या कोर्टाने औषध एकदम तोडणे निराळे.

कोणी जॉन नॅशचे नाव पुढे करतो. नॅशने १९७० नंतर औषध घेतले नाही, आणि १९९४ साली त्याला नोबेल मिळाले, हे खरे आहे. परंतु पुरात एखादा पोहून पलीकडे गेला म्हणून पुलाची गरज संपते काय? २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, आणि गाड्यांसकट माणसे गेली. पुलाची किंमत निदान आम्हाला तरी कोणी शिकवू नये.

दुसरे म्हणतात, ही साहेबाची औषधे. आपल्या मातीतले काही पाहा. पाहून झाले आहे! सर्पगंधा आपल्याच मातीतली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेडावरचे आणि रक्तदाबावरचे औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. पुढे तिच्यातून काढलेले रेसर्पिन जगभर या विकारावर वापरले गेले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या विकारावर चालते असे दिसून आले आणि त्यानंतर सर्पगंधा मागे पडली. कारण गुण अधिक कशाने येतो हे पाहिले गेले, मुळी कोणत्या देशातली हे नव्हे.

तिसऱ्यांचा उपदेश असतो, "मन खंबीर कर. मनाचे श्लोक म्हण." समर्थांनी दासबोध जेथे सांगितला असे परंपरा मानते, ती शिवथरघळ आमच्याच तालुक्यात आहे. मनाचे श्लोक मी रोज म्हणतो. गोळी घेऊन म्हणतो! आवाजांच्या कल्लोळात श्लोक म्हणणे मला जमत नव्हते. मन ठिकाणावर आले तेव्हा ते म्हणता येऊ लागले.

राहिला भगत. अंगारा, उतारा, कोंबडे, आणि त्यानेही न भागले तर दोरखंड. २००१च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक रुग्ण जागच्या जागी जळून मेले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे-मारणे गुन्हा ठरवले आहे. तरीही मी भगतावर फार शाई खर्च करणार नाही. भगताकडे जाणारा निदान 'याला काहीतरी झाले आहे' हे मान्य करतो. "तुला काही झालेलेच नाही" म्हणणारा सुशिक्षित मला अधिक महागात पडला.

आणि लग्न! "दोनाचे चार हात करून द्या, जबाबदारी पडली की शुद्धीवर येईल." म्हणजे दुसऱ्याची लेक घरात आणायची ती औषध म्हणून! आणि ठरावाच्या दिवसापासून पहिला नियम कोणता? सोयऱ्यांना कळू नये म्हणून गोळ्या बंद. मुलगीच आजारी असेल तर तिचे हाल दुप्पट: गोळ्यांवाचून तिला सासरी धाडतात, तेथे दुखणे उलटते, आणि 'फसवले' म्हणून ती माहेरी परत येते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने या विकाराचे नाव घातले गेले. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसते नाव चिकटवून घटस्फोट मिळत नाही, विकार किती तीव्र आहे ते पाहिले पाहिजे. कोर्टाला नावापलीकडचा माणूस दिसला. आपल्याला तो दिसू नये? लग्न करा, पण सांगून करा, गोळीसकट करा.

आता सरकारशी दोन शब्द. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, महाडपासून शंभरावर किलोमीटर. ठाण्याचे मनोरुग्णालय दीडशेच्या घरात. रत्नागिरीचेही काही जवळ नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून रुग्ण आणि त्याच्यासोबत एक माणूस निघाला, की दोघांची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वर. अशा माणसाने औषध सोडले तर त्याला 'बेफिकीर' म्हणणे हा निलाजरेपणा आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याचे १८वे कलम म्हणते की, अत्यावश्यक यादीतली औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत. सामूहिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. 'मिळाली तर मिळतील' असे कलमात नाही. 'सर्व काळ' असे आहे.

परंतु कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही, हे महाडइतके कोणत्या गावाने पाहिले आहे? चवदार तळे कागदावर खुलेच होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळाचा ठराव झाला, पुढच्या वर्षी नगरपालिकेचा झाला. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हाच ओंजळीत आले. त्या लढ्याशी माझ्या गोळीची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. धडा मात्र तेथलाच घेतो. रुग्णालयाच्या खिडकीशी जा, औषधाचे नाव घेऊन मोठ्याने मागा. नसेल तर 'नाही' असे लिहून मागा. कुजबुजत मागितलेले औषध कुजबुजतच नाकारले जाते.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना तेथे आणतात, औषध देतात, आणि शुद्धीवर आलेला माणूस आपल्या गावाचे नाव सांगू लागला की त्याला घरी पोचवतात. या कामासाठी २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या. पण विचार करा: त्या माणसाला उंबऱ्यापर्यंत आणून सोडल्यावर पुढचे काम कोणाचे? घरच्यांनी महिनाभराने गोळी बंद केली, तर तो पुन्हा त्याच रस्त्यावर येणार. डॉक्टर पुरस्काराला पात्र ठरले. घर कशाला पात्र ठरले?

म्हणून या दिवाळीसाठी माझे मागणे थोडके आहे. पाहुणे येणार म्हणून गोळ्यांचे पाकीट कपाटात कोंबू नका. रक्तदाबाच्या गोळ्या जेथे राजरोस असतात तेथेच तेही असू द्या. नरकचतुर्दशीला पहाटे उठता यावे म्हणून आदल्या रात्रीची गोळी चुकवायला लावू नका. त्याने आठ वाजता अंघोळ केली तर नरकासुर काही पुन्हा जिवंत होत नाही. दोन रात्री झोप उडाली, एकट्याने पुटपुटणे सुरू झाले, तर भाऊबीज उरकण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे चला. तेवढ्यात कोणाशी बोलायचे असेल तर सरकारचा १४४१६ हा टेलि-मानसचा दूरध्वनी २०२२पासून चालू आहे. अंघोळीपूर्वी कारीट फोडून त्याचे कडू आपण जिभेला लावतो आणि त्याला शुभ मानतो. वर्षातून एकदाचे कडू ज्यांना शुभ वाटते, त्यांना माझे रोजचे कडू का खुपावे?

आणि काही विचारावेसे वाटलेच, तर "अजून घेतोस?" असे विचारू नका. "घेतलीस का?" असे विचारा, "जेवलास का?" विचारता तितक्याच साध्या आवाजात.