बिलावर दोराही लिहा

मृग जवळ आला की सडक अर्जुनीपासून कोहमाऱ्याच्या चौफुलीपर्यंत शिलाई मशिनींना उसंत नसते. महामार्गावरचे ट्रकवाले ताडपत्र्या टाकून जातात. बिछायत केंद्रवाले लग्नसराईत दमलेल्या कनाती आणि छतं घेऊन येतात. उन्हाळी धान काढलेल्या शेतकऱ्याला पाऊस यायच्या आत झाकण हवे असते. नवेगाव-नागझिऱ्याचे पर्यटन पावसाळ्यापुरते थांबले की उघड्या जिप्सींची सीट कव्हरे दुरुस्तीला निघतात. या साऱ्या कामांत एक गोष्ट सारखी असते. कापड बहुधा शाबूत असते, शिवण उसवलेली असते.

तरीही गिऱ्हाईक चौकशी करते ती कापडाची. किती जाड, किती पाण्याचे, किती वर्षे चालेल? दोऱ्याबद्दल ते विचारत नाही आणि आपण शिवणारेही सांगत नाही. एक साधा हिशोब मांडून बघू. पंधरा बाय वीस फुटांची कॅनव्हासची ताडपत्री पाच फूट पन्ह्याच्या तीन पट्ट्या जोडून शिवली, तर दोन जोड आणि चारही कडा धरून दुहेरी टीप सुमारे 220 फूट, म्हणजे 67 मीटर होते. वरचा आणि बॉबिनचा मिळून टिपेच्या लांबीच्या अडीच ते तीन पट दोरा लागतो. तो झाला दोनशे मीटर. 30 टिकटाचा, म्हणजे जाडीच्या त्या नंबराचा, दोरा हजार मीटरला साधारण 100 ग्रॅम भरतो, म्हणजे पुऱ्या ताडपत्रीत दोरा गेला वीस ग्रॅम. चौरस मीटरला 400 ग्रॅमचे कॅनव्हास धरले तर कापड भरते अकरा किलो. अकरा किलोंचे आयुष्य वीस ग्रॅमवर टांगलेले असताना त्या वीस ग्रॅममध्ये काटकसर करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दोरा निवडायची आपल्याकडची चालती परीक्षा म्हणजे दोन्ही हातांत धरून ओढून बघणे. त्यात नायलॉन जिंकतो. तो चिवट आहे, ताण आला की लांबतो, झटका सोसतो. बॅग, पट्टे, चामड्याचे काम यांत त्याला तोड नाही. परंतु हाताने ओढल्यावर कळतो तो दोऱ्याचा आजचा जोर. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर त्यातला किती उरेल, हे त्यावरून कळत नाही. मजबूत आणि टिकाऊ हे दोन वेगळे गुण आहेत आणि उघड्यावरच्या कामाला दुसरा लागतो.

उघड्यावर दोऱ्याचा पहिला शत्रू उन्हातले अतिनील किरण. ते धाग्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. नायलॉन या माऱ्यापुढे पॉलिएस्टरच्या आधी नमतो, आणि चकाकी मारण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला मंद नायलॉन त्याहूनही लवकर. दुसरा शत्रू पाणी. नायलॉन हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा ओढतो, पॉलिएस्टर 0.4 टक्के. ओला नायलॉन सैल पडतो, शिवणीत झोळ येतो, झोळात पाणी साचते. म्हणून ताडपत्री, छत, कनात, उघड्या गाडीची कव्हरे यांना अखंड तंतूचा पॉलिएस्टर दोराच घ्यावा. पीळ सुटू नये म्हणून राळेचा लेप दिलेला, म्हणजे बाँडेड, मिळाला तर उत्तम. रंग चालत असेल तर काजळीच्या रंगद्रव्याचा काळा घ्यावा, कारण ते रंगद्रव्य किरण आतपर्यंत जाऊ देत नाही. कपडे शिवायचा स्पन पॉलिएस्टर हा आखूड तंतू कातून केलेला, लवदार दोरा. जात तीच असली तरी त्याच जाडीत त्याचा जोर कमी. एक अपवाद ध्यानात ठेवावा. पॉलिएस्टरला जाचणारे किरण काचेतून फारसे येत नाहीत, त्यामुळे बंद गाडीच्या आतल्या सीटचा दोरा आणि उघड्या जिप्सीचा दोरा यांची निवड एकाच तराजूत करू नये.

मग सुती दोरा मोडीतच काढायचा का? जुने तंबूवाले सुती कॅनव्हासला सुती दोरा लावत, त्यामागे कारण होते. भिजला की सूत फुगते आणि सुईचे भोक बुजवते. पण ओल्या सुताला बुरशी खाते, आणि हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या पूर्व विदर्भात तर खातेच. भोक बुजवणे आणि टिकणे हे दोन्ही गुण हवे असतील तर गाभ्यात पॉलिएस्टर आणि वर सुताचे वेष्टन असलेला कोअरस्पन दोरा आहे. बारदान्याची तोंडे मात्र दाभण आणि सुतळीने खुशाल शिवावीत. काही महिन्यांत उसवायच्याच शिवणीला महाग दोरा कशाला? उलट टोकाला टेफ्लॉनच्या जातीचा दोरा आहे. त्याला ऊन बाधत नाही, पण त्याची किंमत आपल्या गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरची. आणि बुलेटप्रूफ जाकिटातले केव्हलर नाव ऐकून भुलू नये, उघड्या उन्हात तेही लवकर कमजोर होते.

चांगला दोरा चुकीच्या सुईने वाया जातो. टिकटाचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, हे नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगावे. 40 टिकटाला 110 नंबरची सुई, 30 ला 110 किंवा 125, 20 ला 140 हा सर्वसाधारण मेळ. सुई बारीक पडली तर भोकात घासून दोऱ्याचा लेप निघतो. जाड कापडाला इंचात सहा-सात टाके पुरेत. दाट टीप मारली की भोकांची रांग होते आणि कापड तिथूनच फाटते. बॉबिनमध्ये वरचाच दोरा भरावा, तिथे उरलेसुरले रीळ संपवू नये. जोड दुमडून शिवावा, म्हणजे निम्मा दोरा उन्हाआड जातो, आणि दुमड उताराकडे कौलासारखी वरची खालचीवर चढवावी. प्लास्टिकच्या ताडपत्रीला मात्र टिपेने बळ येत नाही. तिचा जोड गरम हवेने चिकटवलेलाच बरा.

दुकानात ‘नायलॉन’ म्हणून हाती येणारा दोरा नायलॉनच असतो असे नाही. त्याचे टोक पेटवून पाहावे. सूत कागदासारखे जळून राख होते. पॉलिएस्टर काळा धूर सोडत वितळतो आणि काळसर कडक मणी राहतो. नायलॉनचा धूर त्या मानाने कमी आणि मणी फिकट.

प्रयोगशाळा दूर आहे, पण ऊन दारात आहे. दुकानात असलेल्या प्रत्येक दोऱ्याचे हातभर तुकडे एका फळीवर ताणून, नाव लिहून, छपरावर ठेवावेत. त्याच रिळाचे तेवढेच तुकडे कपाटात अंधारात ठेवावेत. या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत दर दोन महिन्यांनी उन्हातला एक आणि कपाटातला एक तुकडा काढून दोन्हींना सारखे वजन टांगत जावे. ओढून बघायची आपली जुनी परीक्षा तेव्हा कामाची ठरेल, कारण तेव्हा ती उरलेला जोर मोजेल.

आणि हे कळल्यावर ते गिऱ्हाइकाला सांगावे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम लागतो, शामियान्यांना महिनोन्‌महिने उसंत नसते. आधारभूत केंद्रांवरचे धान गोदामाअभावी अनेकदा ताडपत्रीखालीच मुक्काम करते. तिथे उसवलेल्या एका जोडाची किंमत शिलाईच्या मजुरीत मोजता येत नाही. तेव्हा बिलावर कापडाखाली आणखी एक ओळ लिहावी: दोऱ्याची जात, टिकट नंबर, टीप एकेरी की दुहेरी. चांगल्या दोऱ्याचे जास्तीचे पैसे वेगळे दाखवावेत, मजुरीत लपवू नयेत. गिऱ्हाईक स्वस्त दोरा मागेल तर तोही द्यावा, पण लिहून. पुढच्या वर्षी तीच ताडपत्री परत आली की काय टिकले आणि काय नाही, हे दोघांनाही त्या ओळीवरून कळेल आणि पुढचा दोरा अंदाजाने घ्यावा लागणार नाही.