सेहेचाळीस रुपयांची नक्कल

"अगं, 46 रुपयांसाठी काय भांडत बसायचं?" हा प्रश्न मला कुठल्या अधिकाऱ्याने विचारलेला नाही. आमच्याच बैठकीत, आमच्याच एका जुन्या कार्यकर्तीने विचारला. दारू, मारहाण, रेशन, पाणी एवढे प्रश्न समोर असताना तहसील कचेरीतल्या नकलेच्या फीचा ठराव कशाला, असं तिचं म्हणणं. मला राग आला, पण त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. ते आता इथे देते आहे.

गोष्ट 2021 च्या जानेवारीतली. राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. आमच्या बचतगटातली एक बाई महिला राखीव जागेवर उभी राहिली. नाव लिहीत नाही, तिला त्याच गावात राहायचं आहे. शेतमजूर, दरवर्षी नवऱ्याबरोबर उसाला जाणारी. उसाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या वर्षी निवडणुकीसाठी ती मागे राहिली, म्हणून नवऱ्याला अर्ध्या कोयत्याचीच उचल मिळाली. उमेदवारीची पहिली किंमत ती होती आणि ती कुठल्याच निवडणूक खर्चाच्या नमुन्यात लिहिता येत नाही.

31 डिसेंबरला छाननी झाली आणि तिचा अर्ज बाद झाला. कारण काय, तर सासऱ्याच्या नावावर 1140 रुपये घरपट्टी थकलेली. सासरा मरून चार वर्षं झालेली. घर तिच्या नावावर नाही, नवऱ्याच्याही नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 चं एक स्पष्टीकरण आहे. अविभक्त हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर घरातले सगळेच अपात्र. मालमत्तेत वाटा मागायला गेली की सून परकी, थकबाकीत मात्र ती घरचीच! या कलमावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण त्याच कलमात एक अटही आहे. मागणीचं बिल रीतसर बजावलं गेलं पाहिजे आणि त्यानंतर तीन महिन्यांत कर भरला नसेल, तरच अपात्रता येते. बिल बजावलंच नसेल तर? घरातली माणसं सांगत होती की बिल कधी आलंच नाही.

निवडणूक चालू असताना कोर्टात जाता येत नाही. राज्यघटनेचं कलम 243-ओ तसं सांगतं. निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाकडे निवडणूक अर्ज करायचा, त्याला मुदत 15 दिवस. निकाल 18 जानेवारीला लागला, म्हणजे मुदत 2 फेब्रुवारीपर्यंत. या पंधरा दिवसांत दोन शनिवार, दोन रविवार आणि 26 जानेवारी. उरले कचेरी उघडी असलेले दहा दिवस. तालुक्याच्या वकिलाने सांगितलं, आधी नामनिर्देशनपत्राची, हरकतीच्या अर्जाची आणि बाद केल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणा.

20 जानेवारीला त्या बाई आणि त्यांची जाऊ तालुक्याला गेल्या. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप हवा. स्टँपवाल्याकडे दहाचा नव्हता, मग पंधरा रुपयांना तोच निघाला. अर्जनवीसाने शंभर रुपये घेतले. 22 तारखेला पुन्हा गेल्या. कारकून म्हणाला, "या कागदाच्या नकलेचा दर काय लावायचा ते साहेबांना विचारावं लागेल. साहेब मीटिंगला गेलेत." दर ठरलेलाच नव्हता! 27 तारखेला दर ठरला, पानाला दोन रुपये, पण पैसे दोन वाजेपर्यंतच घेतात आणि यांची एसटी पोचते अडीचला. 1 फेब्रुवारीला पैसे भरले, पावती मिळाली, सही राहिली. 4 फेब्रुवारीला नक्कल हातात पडली. अठरा पानं.

या पाच खेपांपैकी दोन वेळा मी बरोबर होते. कारकून मला "मॅडम, बसा" म्हणायचा आणि त्यांना "मावशी, तिकडं थांबा." बाईंचं वय तेव्हा बत्तीस, माझ्याहून लहान.

आता हिशोब मांडते. कंटाळा आला तरी वाचा. नकलेचे 36 रुपये आणि स्टँपचे 10, मिळून 46. एवढंच कचेरी आपलं "शुल्क" म्हणून मोजते. स्टँपवर वरचे 5. अर्जनवीसाचे 100. एसटीला एका वेळचे 45, म्हणजे दोघींच्या पाच खेपांचे 900. (बायकांना अर्धं तिकीट झालं ते 2023 च्या मार्चमध्ये.) दोघींची बुडालेली मजुरी, रोजी 250 प्रमाणे, 2500. एकूण 3551 रुपये. 46 रुपयांच्या कागदाला 3551! माझी मजुरी यात धरलेली नाही, कारण ती बुडालीच नाही. संस्थेचा पगार चालू होता.

आणि कागदात काय निघालं? हरकतीच्या अर्जाला जोडलेली एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, अमुक नावावर इतकी बाकी आहे अशी. बिल बजावल्याचा पुरावा एकाही पानावर नाही. वकिलाला हवं होतं ते त्या अठरा पानांत होतं. मुदत संपून दोन दिवस झाले होते.

पुढे जिल्ह्याच्या एका वकील मैत्रिणीने सांगितलं की नक्कल नसतानाही अर्ज दाखल करून कागद कोर्टामार्फत मागवता आले असते. हे मला माहीत असायला हवं होतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना दोन वर्षं आम्ही 'लोकसहभाग' या शब्दाच्या व्याख्या पाठ केल्या. निवडणूक अर्जाची मुदत किती, हे कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. ही माझी चूक, ती लपवत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी ज्या बाईला एकच वकील परवडतो, तिला तो जे सांगेल तोच कायदा.

"मग माहितीच्या अधिकारात मागायचं," असं लगेच सांगणारे भेटतात. 2005 चा तो कायदा आपल्याच चळवळींनी मिळवला आहे. 1996 साली राजस्थानात ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. पंचायतीच्या कागदांची झेरॉक्स मिळालीच पाहिजे ही त्यातली मुख्य मागणी होती आणि मजूर बाया त्यात पुढे होत्या. आपल्याकडे त्या कायद्याखालच्या 2005 च्या नियमांत अर्जाला 10 रुपये, पानाला 2 रुपये असे दर ठरले. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडून फी घ्यायची नाही आणि मुदतीत माहिती दिली नाही तर फुकट द्यायची, हे तर कायद्यातच आहे. चांगलंच आहे. पण उत्तराला मुदत 30 दिवसांची. दाद मागायची मुदत 15 दिवस आणि कागद द्यायची 30! आणि दारिद्र्यरेषेची सवलत घ्यायला आधी दाखला जोडायचा, म्हणजे आणखी एक खेप, आणखी एक बुडालेला रोज.

आता दुसरी बाजू बघा. 1960 च्या मतदार नोंदणी नियमांत असं आहे की अंतिम मतदार यादीच्या दोन प्रती मान्यताप्राप्त पक्षांना मोफत द्यायच्या. त्याच नियमांतला 33 वा नियम म्हणतो की यादीशी संबंधित अर्ज, हरकती, सगळे कागद बघण्याचा आणि त्यांच्या साक्षांकित नकला घेण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतील ती फी भरून. म्हणजे ज्यांच्याकडे गाड्या, माणसं, पैसा आहे त्यांना फुकट. जिचं नाव लग्नानंतर माहेरच्या यादीतून गेलं आणि सासरच्या यादीत आलंच नाही, तिने ते का गेलं हे बघायचं तर पैसे भरून. यादी संगणकावर फुकट दिसते, हे खरं आहे. पण ती पानांच्या फोटोसारखी, नाव टाकून त्या फाईलमध्ये शोधता न येणारी. वस्तीतल्या बायकांनी ती मोबाईलवर वाचावी असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्वतः वाचून बघावी.

फीमागचं तत्त्व काय? कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला. शुल्क हे दिलेल्या सेवेचा मोबदला म्हणून घ्यायचं. आता सांगा, माझा उमेदवारी अर्ज कोणत्या कारणाने बाद केला हे मला कळवणं ही सरकारने माझ्यावर केलेली सेवा आहे? ते तर निर्णय देणाऱ्याचं काम आहे. आणि 36 रुपयांची पावती फाडायला, नोंद करायला, भरणा करायला जो वेळ जातो त्याचा पगार 36 रुपयांहून जास्तच पडतो. सरकारलाही यातून काही मिळत नाही. मिळतं एकच, माणूस दमतो. सगळ्यात आधी दमते ती जिचा रोज बुडतो आणि जिला संध्याकाळच्या आत घरी पोचून भाकरी टाकायची असते.

मताला पैशाची पायरी लावणं ही जुनी खोड आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात 1921 साली बायकांना विधिमंडळासाठी मताचा हक्क मिळाला, पण मालमत्ता आणि कर यांच्या अटींसकट. 1935 च्या कायद्याने संख्या वाढली, ती बरीचशी मालमत्तावाल्याची बायको म्हणून. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मतासाठी वर्षाला दीड डॉलर कर होता. 1966 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो खटला लढणाऱ्यांत काळ्या कष्टकरी बाया होत्या. दीड डॉलरसाठी काय भांडायचं, असं त्यांनाही कुणी म्हटलं असेलच. आपल्याकडे 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असंच लिहवलं होतं. आपली नावं यादीत पोचायला इतका उशीर झाला, म्हणून तरी यादीचा कागद आपल्याला दारात मिळायला हवा.

"फुकट केलं तर गावगुंड गठ्ठे नेतील, कचेरी बुडेल," असं एका अधिकाऱ्याने मला सांगितलं. गठ्ठे नेणाऱ्यांना तर ते आताही परवडतं, फी त्यांना अडवत नाही. हवं तर पक्षांना आणि गठ्ठ्याने मागणाऱ्यांना दर लावा. मतदाराला तिच्या प्रभागाची यादी आणि उमेदवाराला तिच्या स्वतःच्या अर्जाचे कागद, एवढं तरी विनाशुल्क हवं. अर्ज बाद झाला तर आदेशाची आणि हरकतीची प्रत छाननीच्या टेबलावरच सही घेऊन हातात द्यावी, मागायला लावू नये. बाकीच्या निवडणूक कागदांना तीन दिवसांची मुदत हवी. माहिती अधिकारात जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या प्रश्नावर 48 तासांत उत्तर द्यावं लागतं, तिथे तीन दिवस काही फार नाहीत. जिथे दर राहील तिथे तो फलकावर लिहिलेला असावा, साहेबांना विचारून ठरलेला नसावा. आणि वगळलेल्या नावांची यादी कारणासकट महिला ग्रामसभेत वाचावी. हे होत नाही असं कुणी म्हणू नये. बिहारमध्ये मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावं गळाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2025 ला आदेश दिला आणि ती नावं कारणांसह जाहीर करावी लागली, पंचायतीच्या कचेऱ्यांतही लावावी लागली. त्याला कुणी स्टँप मागितला नाही.

आमच्यातल्या काही जणी म्हणतात, निदान "महिलांना सवलत" मागू, ते पटकन मिळेल. मला हे मान्य नाही. सवलत आली की ती बाई गरीब आहे का, एकटी आहे का, कुणाची कोण आहे, याचे दाखले आले. मतदार आहे एवढं पुरे झालं पाहिजे. दुसरं, आपल्या संस्था ही फी प्रकल्पाच्या पैशातून गुपचूप भरून टाकतात. मीही भरली आहे, कितीदा तरी. काम होतं, बाई मोकळी होते. पण दर तसाच राहतो आणि ज्या गावात संस्था नाही तिथली बाई तशीच परत जाते. निवडणुकीच्या कागदांवरची दारं तर हळूहळू बंदच होत आहेत. लोकसभा-विधानसभेच्या निवडणूक नियमांतला 93 वा नियम डिसेंबर 2024 मध्ये बदलला आणि आधी लोकांना बघायला मोकळे असलेले बरेच कागद, चित्रीकरणं त्यातून बाहेर पडली. त्याच नियमांत, 88 व्या नियमाखाली, खासदाराच्या निवडणूक खर्चाचा हिशोब एक रुपयात बघता येतो. किती गटांनी तो बघितला आहे? आम्हीही नाही.

गेल्या वर्षी आमच्या तीन गावांतल्या महिला ग्रामसभांनी वरच्या मागण्यांचा ठराव केला आणि तालुक्याला पाठवला. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. त्या बाई ठरावाला सूचक होत्या. घरपट्टी आता त्या स्वतः भरतात आणि पावतीवर सासऱ्याच्या नावाखाली "हस्ते" म्हणून आपलं नाव लिहून घेतात. ग्रामसेवक आधी कुरकुरला, आता लिहितो.

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात मतदार यादीच्या पानाला, उमेदवारी अर्जाच्या नकलेला काय दर घेतात, तो कुणी ठरवला आणि कागद मिळायला किती खेपा झाल्या, ते लिहून पाठवा. स्टँपच्या, झेरॉक्सच्या, एसटीच्या पावत्या टाकून देऊ नका. आणि हिशोबात मजुरी धरा, बरोबर गेलेल्या बाईचीसुद्धा. आम्ही पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा ती धरलीच नव्हती. ते त्या जावेने लक्षात आणून दिलं.