जुन्या गाडीची वाढीव वॉरंटी: पैसे नेमके कशाचे द्यायचे?



आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, आनंदनगर एमआयडीसीतल्या युनिटवर डबा पोचवणं, किंवा तिथलीच हिशेबाची नोकरी. पहिली गाडी बहुतेक घरांत जुनीच येते आणि त्यात कमीपणा काही नाही. परिग्रहाचं परिमाण पाळायचं म्हणणाऱ्या घरात दुसऱ्याने नीट वापरलेली वस्तू यावी, हे मला तरी शोभून दिसतं.

अडतं ते शेवटच्या टेबलावर. भाव ठरलेला असतो, टोकन दिलेलं असतं, घरचे चहा पीत असतात आणि विक्रेता एक कागद पुढे सरकवतो. "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकून देऊ ना? वर्षभर टेन्शन नाही." मंदिरात एका ताईंनी परवा हेच विचारलं. पेट्रोलवरची छोटी गाडी, सहा वर्षं जुनी, गिअर हाताने टाकायचे, वॉरंटीचे बारा हजार. घ्यावी का?

मी म्हटलं, नको. त्याची कारणं सविस्तर लिहिते, कारण तिथे उभ्या उभ्या सांगता आली नाहीत.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, ही गल्लत आपण फार करतो. अपघात, चोरी, पूर हा विम्याचा प्रांत. वॉरंटी एवढंच सांगते की, यादीतला एखादा भाग आतून आपोआप बिघडला तर तो दुरुस्त करून देऊ. "आपोआप" हा शब्द धरून ठेवा, सगळी गोम त्यात आहे. वापराने झिजणारं ते सगळं बाहेर: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, सस्पेन्शनचे रबर. आता आपल्याकडच्या गाडीचं काय झिजतं ते बघा. स्टेशनच्या गर्दीत अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा क्लच जातो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे चुकवता चुकवता सस्पेन्शन जातं. गाडी एरवी बिघडली नाही तरी ही दोन बिलं येणारच, आणि ती दोन्ही वॉरंटीत नाहीत.

दुसरी गोष्ट खास एमआयडीसीच्या लोकांसाठी. मोरिवलीला किंवा आनंदनगरला कारखान्याच्या आवारात रोज गाडी उभी करणाऱ्यांना माहीत आहे, सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी काय बसलेलं असतं. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत कारखान्यांचा धूर, रासायनिक कण, आम्लयुक्त पाऊस यांनी आलेला गंज किंवा गेलेला रंग सरळ वगळलेला असतो. ते वाक्य पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात असतं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंबरनाथ नसेल, पण लागू आपल्यालाच होतं.

आणि पाणी. २६ जुलै २००५ कोण विसरेल? २७ जुलै २०१९ ला तर आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांची महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. रूळ बुडतात तिथे इमारतीखालच्या गाड्यांचं काय होत असेल? वालधुनीच्या काठावरच्या उल्हासनगरकरांना ते मी सांगायला नको. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. ते येतं विम्याला जोडून घ्यायच्या इंजिन संरक्षणात, आणि गाडी फार जुनी झाली की काही विमा कंपन्या ते देत नाहीत. म्हणून बारा हजार हातात असतील तर आधी त्याची चौकशी करा. शिवाय गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवायची नाही, टो करून न्यायची. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

मग उरतं काय? इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे आतले भाग, कधी एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर. हे बिघडू शकतात, नाही कसं म्हणू? पण नीट सर्व्हिस झालेल्या साध्या गाडीत पुढच्या वर्षभरातच बिघडतील याची शक्यता कमी, आणि बिघडले तरी सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या आहेत का, आधी परवानगी घेतली होती का, दाव्याची कमाल रक्कम किती, या तीन दारांतून जावं लागतं. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर चौथं दार, आणि ते बहुतेक वेळा बंदच.

आपल्या शास्त्रात सात भयं सांगितली आहेत. त्यातलं एक आकस्मिक भय, म्हणजे अचानक काहीतरी होईल ही धास्ती. सम्यग्दृष्टीला ते नसतं म्हणतात. आपण संसारी, आपल्याला असतं. विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो भागांची यादी दाखवत नाही, "टेन्शन नाही" म्हणतो. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना विचारा. गाडीची वॉरंटी संपत आल्याचे खोटे फोन तिथे इतके येत की जुलै २०२२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाला ते अडवण्याचे आदेश फोन कंपन्यांना द्यावे लागले. भीती सगळीकडे विकली जाते.

याचा अर्थ कर्मात असेल ते होईल म्हणून हात जोडून बसा, असं मी म्हणत नाही. पाणी गाळून पिणारी माणसं आपण, खबरदारी आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त ती योग्य जागी घ्यावी. त्या बारा हजारांतले दीड-दोन हजार ओळखीच्या मेकॅनिकला द्या आणि टोकन देण्याआधी गाडी तपासून घ्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का बघायचं. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा. पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्यायचा, सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का पाहायचं. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण या जागा सहसा कोणी साफ करत नाही.

मीटरचंही तेच. किलोमीटर मागे फिरवलेली गाडी विकणं म्हणजे तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत जो हीनाधिक मानोन्मान सांगितला आहे, तोच. तराजूच्या जागी मीटर आलं एवढंच. (आपल्यापैकी कोणी गाडी विकत असेल तर त्यांनीही हे वाचावं.) गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या सर्व्हिसची नोंद मागा, तिथले किलोमीटर आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर जुळवा. उरलेले दहा हजार वेगळ्या खात्यात टाका. क्लच गेला तर त्यातून, टायर बदलायचे तर त्यातून, काहीच नाही झालं तर ते तुमचेच.

वॉरंटी घ्यावी असं मी कोणाला सांगेन? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, टर्बो इंजिनाची किंवा खूप इलेक्ट्रॉनिक्स भरलेली गाडी घेणाऱ्यांना. तिथे एकच बिल वर्षाचं बजेट खातं. पण तीही शक्यतो गाडीच्या मूळ कंपनीची, दुकानदाराने स्वतःच्या शिक्क्यावर दिलेली नव्हे. आणि आधी हे पाहा की गाडीवर कंपनीची वॉरंटी अजून बाकी आहे का. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून दिलेल्या नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. अशी गाडी जुनी म्हणून घेतली तर उरलेली वॉरंटी गाडीसोबत तुमच्याकडे येते. तिच्यावर दुसरी कशाला घ्यायची? काही मोठ्या साखळ्या प्रमाणित जुन्या गाडीवर वर्षभराची वॉरंटी देतातच, ती किमतीत धरलेली असते. तिथे पुन्हा "वाढीव" विकत असतील तर ती कुठल्या तारखेपासून सुरू होते ते विचारा.

एकटीने रात्री घाटातून यायचं, गाडी बंद पडली तर काय, ही काळजी मला समजते. पण ते काम रस्त्यावरच्या मदतीचं. ती विम्याला जोडून थोडक्या पैशांत मिळते.

आता ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आरसी आपल्या नावावर आणि विमा जुन्या मालकाच्या, अशी अवस्था किती घरांत महिनोन्महिने असते! अशात अपघात झाला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्याचा थोडा फरक भरावा लागेल, तो भरा. वॉरंटीवर बारा हजार घालून हे राहून गेलं, तर दार उघडं ठेवून खिडकीला कुलूप घातल्यासारखं आहे.

ज्यांनी वॉरंटी घेतलेली आहे आणि दावा फेटाळला गेला आहे, त्यांनी नकार लेखी मागावा, तोंडी ऐकून परत येऊ नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

त्या ताईंनी विक्रेत्याकडे पुस्तिका व्हॉट्सअपवर मागितली आहे. आली की मंदिरात घेऊन येणार आहेत. वगळलेल्या भागांचं पान आम्ही दोघी मिळून वाचणार.