काउंटी म्हणजे वतन नव्हे

आठव्या-नवव्या शतकातील आलेमानिया, म्हणजे आजचा नैर्ऋत्य जर्मनी आणि उत्तर स्वित्झर्लंड, उदलरिखिंग, अलाहोल्फिंग अशा मोजक्या घराण्यांच्या हातात होता आणि काउंटी, म्हणजे काउंट या राजाच्या अधिकाऱ्याचा मुलूख, ही त्यांची वंशपरंपरागत मिरास होती, असे छातीठोकपणे सांगितले जाते. पुरावे तीन दिले जातात: पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागात आढळणारी तीच नावे, ‘बेर्टोल्ड्सबार’सारखी माणसाच्या नावावरून पडलेली प्रदेशनामे आणि ८७७चा किएर्झीचा हुकूम.

आधी नावे पाहू. सांक्ट गालेन मठाच्या दानपत्रांच्या शेवटी राजाचे राज्यवर्ष आणि काउंटचे एकेरी नाव येते, आडनाव नाही. घराण्यांना ही नावे दिली ती पुढच्या अभ्यासकांनी. शिवाय नाव काय किंवा प्रतिष्ठा काय, ती आईकडूनही येई. शार्लमेनची राणी हिल्डेगार्ड हिची वंशावळ त्या काळचा चरित्रकार थेगान देतो ती आलेमानांचा ड्यूक गोटफ्रीड याच्यापासून तिची आई इम्मा हिच्यामार्फत. बापाकडूनच चालणाऱ्या घराण्याच्या चौकटीत ही वंशावळ बसत नाही.

बेर्टोल्ड्सबार हे नाव जुन्या सरदाराचे वजन दाखवते, हे मान्य. पण त्याच प्रदेशात कॅरोलिंजियन राजांनी निरनिराळे काउंट नेमले. राहिला किएर्झीचा हुकूम. राजा इटलीच्या मोहिमेवर असताना काउंट वारला, तर त्याच्या मुलाने इतरांच्या साथीने कारभार पाहावा, अंतिम निर्णय राजाचा, एवढेच त्यात आहे. या तात्पुरत्या सोयीला वारसाहक्काची सनद मानणे हा मजकुरावर अन्याय आहे.

मग खरे काय? ७४६ मध्ये कानश्टाट येथे आलेमानांचा बीमोड झाल्यावर वारिन आणि रूथार्ड हे फ्रँक काउंट तिथे कारभार पाहू लागले. जमीनजुमला कुळाचा असे, अधिकारपद मात्र दरबारातून मिळे, आणि ते मिळवून देई राजाशी असलेली सोयरीक. सांक्ट गालेनचा भिक्षू नोटकर सांगतो तो प्रसंग बोलका आहे. हिल्डेगार्ड वारल्यावर तिचा भाऊ उदलरिख याची पदे शार्लमेनने काढून घेतली. बहीण गेली आणि उदलरिखचा मानही गेला, असे एका विदूषकाने राजाला ऐकवले. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि पदे परत मिळाली. गोष्ट रंगवलेली असेल. पण मठातल्या लेखकाला अधिकाराची किल्ली कुठे आहे, ते पक्के ठाऊक होते.

सोयरीकही कायमची ढाल नव्हती. पुढे पूर्व फ्रँकिश राजा कोनराड याचे मेहुणे एर्खांगर आणि बेर्टोल्ड यांचा ९१७ मध्ये शिरच्छेद झाला.

तेव्हा या काळाचा घराणेवार नकाशा रंगवणाऱ्यांनी प्रत्येक काउंटबद्दल आधी दोन प्रश्न विचारावेत: त्याला नेमले कोणत्या राजाने, आणि त्याची आई, बहीण कोण?