रोमची चांदी पश्चिम भारतात आली, मग गेली कुठे?

चांदीचा भाव चढला की घरातली जुनी नाणीही मोडीच्या पिशवीत जातात. सराफ वजन आणि कस बघतो. नाण्यावर चेहरा कुणाचा, याला तराजूत किंमत नसते. हे आजचंच नाही.

विक्रोळीहून स्लो लोकलने तासाभरात गाठता येणारं कल्याण पहिल्या शतकात व्यापारी बंदर होतं. त्या काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे. मात्र तेव्हा तिथे निर्बंध होते आणि आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेलं जाई. भरूचला येणाऱ्या मालात दारू, पोवळं आणि रोमची सोन्या-चांदीची नाणी होती. ती स्थानिक नाण्यांशी बदलली तर नफा होतो, असंही लेखक सांगतो.

तरीही रोमच्या चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे सापडले ते दक्षिण भारतात. त्यातली दोन नाणी नेहमीची: ऑगस्टसचं, ज्यावर गायस आणि लुसियस हे त्याचे नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत, आणि टायबेरियसचं, ज्यावर हातात राजदंड घेऊन बसलेली स्त्री आहे.

मग आपल्याकडे का नाहीत?

अनेक अभ्यासकांच्या मते, ती इथे वितळवून क्षत्रपांची नाणी पाडली गेली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यावरही रोमन धाटणीचा, उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. भोवती चक्क ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी व खरोष्ठीत राजाचं नाव. धातू परदेशी, मांडणी उसनी, राजा इथला.

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे अशी 13 हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारला होता: तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. नहपानाचा पराभव झाला, पण त्याची नाणी भट्टीत गेली नाहीत. नव्या शिक्क्याखालून जुना चेहरा अजून डोकावतो. कोणाची सत्ता कोणानंतर आली, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. सगळी नाणी वितळवली असती, तर हातात फक्त चांदी उरली असती.

आज जमिनीत असा ठेवा सापडला आणि त्याची किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हो, दहाच, कायदा 1878 चा आहे. लपवून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.